खिंडीखालचा पांढरा दगड

शुक्रवार, १२ जानेवारी १९६८

आज लियाकतकडे गेलो. जायचं नव्हतं. गेलो.

तंबूबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी रंगीत खडूंची पेटी. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी; सगळी छावणी कपडे धुते, पत्रं लिहिते, झोपते. हा सर्व्हेयर डोंगर काढत बसतो. मी म्हणालो, साहेब, मला शिकवा. वर न बघता म्हणाला, स्टोअरच्या मुन्शीला चित्रं कशाला? म्हणालो, अब्बांना पाठवायचं आहे.

मग त्याने वर बघितलं. बराच वेळ.

"पुढच्या शुक्रवारी सहाला ये. उजेड कुणासाठी थांबत नाही."

निघताना सलामसुद्धा केला नाही मी. ज्याने इंजिनिअरला लिहून दिलं की लाँच माझ्या भावाच्या चुकीने पाण्याखालच्या खडपावर गेली, त्याच्याकडे मी रंग शिकणार!

शनिवार, १३ जानेवारी

कारण लिहून ठेवतो. नाहीतर उद्या माझं मलाच पटायचं नाही.

जहूर, माझा धाकटा भाऊ, जाऊन अडीच महिने झाले. २६ ऑक्टोबर, गुरुवार, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, थोडं आधी. कंपनीची लाँच घेऊन परत येत होता; चालवणारा तांडेल तोच. रोजची वाट. रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे — तांडेलाने किनाऱ्यावरची खूण चुकवली. ती ओळ लियाकतच्या जबानीवरून आली.

अब्बांचं पहिलं पत्र नोव्हेंबरात आलं. अब्बा सांगतात, जहूरची बायको हमीदा लिहिते. "बेचाळीस वर्षं मी गलबत चालवलं. जहूर माझ्या मांडीवर बसून खुणा शिकला. तो चुकणार नाही. आणि चुकला असेल तर मला कळलं पाहिजे. तो येत होता त्या पाण्यातून किनारा कसा दिसतो, ते मला पाठव."

अहमद ड्रायव्हरच्या कॅमेऱ्याने फोटो काढून पाठवला. परवा उत्तर आलं. सगळं राखाडी आहे, दगड कुठला आणि सावली कुठली कळत नाही. "रंगात काढून पाठव. माणूस नको, पाखरू नको. डोंगर, दगड, पाणी. मला अक्षर वाचता येत नाही, डोंगर वाचता येतो."

आणि शेवटी हमीदाने स्वतःची एक ओळ घातली आहे. आपल्या गावात, साखरतरला, लोक बोलतात, तांडेलाच्या पोराने स्वच्छ हवेत लाँच फोडली. अब्बा आता मशिदीत मागच्या रांगेत उभे राहतात.

पुढच्या रांगेतली त्यांची जागा माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे.

शुक्रवार, १९ जानेवारी

पहिला दिवस. सहाच्या आधी पोचलो. तो उशिरा आला!

कागद माझ्या स्टोअरमधलाच — पेट्यांना गुंडाळून येतो तो तपकिरी. गुळगुळीत बाजू लावली तर लियाकतने फळी हातातून ओढून घेतली. म्हणाला, गुळगुळीत बाजूला खडू धरणार कशाला? दाढी केलेल्या गालाला कापूस चिकटतो का? खरखरीत बाजू वर. मग खडू आडवा धरायला लावला. पेन्सिलीसारखा नाही, आडवा, पोटावर. पहिल्यांदा काळोख टाकायचा. सगळ्यात गडद सावल्या आधी. उजेड नंतर. पांढरा सगळ्यात शेवटी आणि एकदाच.

मी निळा घेतला आणि आकाशापासून सुरुवात केली. त्याने कागद उलटा केला.

दोन तासांत चार कागद खराब. बोटं, नखं, बाह्या, सगळीकडे रंगाची भुकटी. फुंकर मारली तर ओरडला — थुंकी उडते, डाग पडतो, फळी उभी धरून मागून टिचकी मार. त्याच्या समोर टिचक्या मारत उभा राहिलो. मी बत्तीस वर्षांचा आहे.

गुरुवार, २५ जानेवारी

जेवताना रफिक मेसवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, काय मुन्शीभाई, आता खडूने पाटीवर मुळाक्षरं का? सगळे हसले. लियाकतही हसला.

लक्षात ठेवीन.

शुक्रवार, २६ जानेवारी

आज किनाऱ्यावरून डोंगर. मी प्रत्येक सुळका मोजून काढला. डावीकडून पहिला, दुसरा, तिसरा. तो मागून आला, बघितलं.

"मुन्शी, तू डोंगर काढत नाहीस. डोंगराचं बिल काढतोस."

मग म्हणाला, डोळे बारीक कर. पापण्या जवळजवळ मिटल्या की बारीकसारीक जातं आणि तीनच गोष्टी राहतात — गडद, मधलं, उजळ. तेवढंच आधी ठेव. केलं. आणि खरंच राहिल्या तीनच गोष्टी. लांबचा डोंगर तपकिरी नाहीच, निळसर आहे. रोज बघतो तो डोंगर! दोन वर्षं मी त्याला तपकिरी समजत होतो.

हे त्याच्याकडून कळावं याचा राग आला.

तो स्वतःचं चित्र काढतो तेव्हा एक झुडूप इकडचं तिकडे करतो. म्हणाला, चित्र तोलायला करावं लागतं. मी म्हणालो, माझ्या चित्रात काही हलणार नाही. अब्बा खुणा वाचणार आहेत. त्याने हातातला खडू पेटीत ठेवला. मग म्हणाला, बरोबर आहे, तू हलवू नकोस.

मंगळवार, ३० जानेवारी

वारा. वाळू. काही नाही.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

किनाऱ्यावरून काढून चालणार नाही. खूण पाण्यावरून बघायची असते. म्हणजे होडीत बसायला हवं.

मी तांडेलाचा मोठा मुलगा आणि मला समुद्र लागतो. सातव्या वर्षी अब्बांनी गलबतावर नेलं होतं, जयगडपर्यंत ओकत गेलो. परत आल्यावर मला शाळेत घातलं. जहूरला नाही घातलं. म्हणून मी इथे स्टोअरचा मुन्शी आणि तो लाँचचा तांडेल. सगळ्या घराला माहीत असलेली गोष्ट, पण आम्ही कधी बोलत नव्हतो.

१४ ऑक्टोबरला मेसमध्ये जहूर बोलला. रफिक विचारत होता की भाऊ भाऊ असून एक पाण्यावर, एक पत्र्याखाली, असं कसं. जहूर म्हणाला, "भाईला अब्बांनी वाचवून ठेवलंय. लोणच्यासारखं. पाणी लागलं की खराब होतो." पंचवीस माणसं हसली. लियाकत तिथेच होता, त्यानेच हसायला सुरुवात केली.

मी जेवण टाकून उठलो. जहूरशी बोलणं बंद केलं. तो दोनदा स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. आधी त्याने माफी मागावी, मग बघू.

बारा दिवस. मग लाँच.

हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

हमदुल्लाच्या होडीतून गेलो. हमदुल्ला बलुची आहे, त्या दिवशी लाँचवर जहूरबरोबर हाच होता. पोहून वाचला. त्याच्याशीही मी महिनाभर बोललो नव्हतो — वाचला म्हणून.

लियाकत किनाऱ्यावर थांबला. त्याला म्हणालो होतो, तुम्ही होडीत यायचं नाही. आला नाही.

हमदुल्लाने होडी वाटेवर आणून नांगर टाकला आणि खूण दाखवली. डोंगरात एक खिंड आहे. तिच्याखाली उतारावर एक पांढरा दगड, मूळचाच पांढरा. समुद्रातून येताना तो दगड बरोबर खिंडीखाली धरायचा. धरला की वाट मोकळी. दगड डावीकडे सरकला तर तुम्ही उत्तरेला गेलात, आणि तिथे पाण्याखाली खडप. साधी खूण. मलासुद्धा समजली! जहूर दीड वर्ष रोज याच खुणेवर ये-जा करत होता.

कागद ठेवला आणि ओकलो. हमदुल्लाने पाणी दिलं. म्हणाला, मुन्शी, समंदर को इतना खिलाएगा तो मछली मोटी होगी. पुन्हा ओकलो. तिसऱ्या वेळी तो हसायचा थांबला. मान उंच ठेव, पाणी बघू नको, डोंगर बघ, म्हणाला. डोंगर तर बघायचाच होता.

चित्र झालं नाही. ओल्या हातांनी खडू विरघळला. पण परत येताना हमदुल्लाला विचारलं, जहूर शेवटी काय बोलला. कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, मी पुढे दोर गुंडाळत होतो, पाठ किनाऱ्याकडे. जहूर मागून बोलला —

"आज सफेद जल्दी दिखा."

बस. मग खडप.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज पांढरा लवकर दिसला. म्हणजे काय? दगड काय उठून चालत आला?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

किनाऱ्यावर, सकाळी. लियाकतने आज रंग जुळवायला शिकवलं. खडू हातभर लांब धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि खडू ज्या वस्तूवर धरला तिच्यात दिसेनासा झाला तर रंग बरोबर. नाहीसा होईपर्यंत पेटीतले खडू बदलत राहायचं. हे मला जमतं. हे स्टोअरचंच काम आहे — नग जुळवणे.

उताराचा एकेक दगड घेतला. जांभळट तपकिरी, बहुतेक सगळे त्याच दोन खडूंत गेले. खिंडीखालचा पांढरा वेगळा. आणि त्याच्या उजवीकडे, साधारण चाळीस पावलांवर, तेवढाच मोठा एक दगड कशातच जाईना. पिवळट, मळकट. शेवटी ज्या खडूने मी खालच्या कोरड्या ओढ्याची माती काढली होती, तो धरला. गेला! दगड खडूत नाहीसा झाला.

ओढ्याची माती डोंगरावर कशी चढली?

लियाकतला विचारलं, साहेब, हा दगड कुठल्या रंगात धरू? त्याने माझी फळी घेतली, खाली ठेवली.

"तो दगड सोड. चित्राला लागत नाही."

आवाज वेगळा होता. मग उजेड गेला म्हणून उठला. आठ वाजले होते, उजेड कुठेही गेला नव्हता.

रविवार, १८ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत वर चढलो. एकटा. गुडघे फुटले.

दगडावर मातीचा लेप आहे. ओढ्याचा चिखल, हाताने थापलेला, बोटांचे ठसे अजून दिसतात. किल्लीने खरवडला.

खाली चुना. पांढराशुभ्र.

मागच्या बाजूला सर्व्हेवाल्यांचा लोखंडी खुंटा आणि त्यावर नंबर.

तिथेच बसलो. समुद्राकडे बघितलं. आता सगळं सरळ दिसतं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे जातो, उतार सगळा काळपट होतो. जुना दगड मळकट पांढरा, तो त्या वेळेला विझतो. चुना विझत नाही. जहूर लांबून येतोय, त्याला काळोखात एकच पांढरं दिसतं — आणि रोजच्यापेक्षा लवकर. ते त्याने खिंडीखाली धरलं. अगदी बरोबर धरलं. आणि त्या रेघेवर खडप आहे.

त्याने खूण चुकवली नाही. खूण चुकीची झाली होती.

लियाकतने चुना लावला. लियाकतने चिखल थापला. आणि लियाकतने लिहून दिलं, तांडेलाची चूक. दर शुक्रवारी माझ्या मागे उभा राहून मला रंग शिकवत होता!

खाली उतरताना रडलो नाही. जहूर गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. कुणाचा तरी गळा धरता येईल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

रजिस्टर बघितलं. २५ ऑक्टोबर, चुना, एक गोणी, सर्व्हे. माझंच अक्षर. मीच दिला. मला काय माहीत कशासाठी न्यायचा.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सहाला गेलो. त्याने नेहमीसारखी पेटी उघडली. मी म्हणालो, साहेब, आज पांढरा द्या. म्हणाला, पांढरा शेवटी. मी खिशातला चुन्याचा तुकडा काढून त्याच्या पेटीत ठेवला.

तो त्याच्याकडे बघत राहिला. नाही म्हणेल असं वाटलं होतं. तयारी करून गेलो होतो.

"हो," म्हणाला. "सर्व्हेचा दगड होता. लांबून दिसायला हवा म्हणून चुना लावला. चिखलही मीच थापला. लाँच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या फजरनंतर. पुन्हा कुणी तिकडे जाऊ नये म्हणून."

"आणि रिपोर्टमध्ये लिहिलं नाहीत."

"नाही."

"का?"

"लिहिलं असतं तर इंजिनिअरने पुढचा प्रश्न विचारला असता."

मी म्हणालो, कुठला प्रश्न, तुमची नोकरी जाण्याचा? माझ्या भावाचं नाव मातीत घालून तुमचा पगार वाचला का? मी आवाज चढवत नाही. आज चढवला. दोन तंबूंतून माणसं बाहेर आली. तो उभा राहिला नाही, हात उचलला नाही. बोटांना लागलेला निळा रुमालाने पुसत राहिला. एकेक बोट.

मग म्हणाला, "मोहिद्दीन, चित्र पूर्ण कर. संध्याकाळचं काढ, त्याला दिसलं होतं तसं. दोन्ही पांढरे ठेव. अब्बांना तेवढं पुरेल. त्याच्या पुढे खोदू नकोस."

दीड वर्षात पहिल्यांदा त्याने माझं नाव घेतलं. म्हणे खोदू नकोस! मी त्याच्या तंबूच्या दोराला लाथ मारून आलो.

पेटी मात्र घेऊन आलो. त्याने अडवलं नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

सलग तीन संध्याकाळी होडीतून गेलो. आधी त्या दगडावरचा चिखल घासून काढला, तेव्हा होता तसा केला. हमदुल्ला खाली उभा राहून बघत होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. डोक्यावरचं फडकं काढून तो खाली वाळूत बसला.

पहिल्या दिवशी दोनदा ओकलो, दुसऱ्या दिवशी एकदा. आज नाही.

आधी गडद. सगळा उतार आडव्या खडूने, काळपट जांभळा, कागदाचा तपकिरी मधूनमधून तसाच सोडला. खिंड उजळ, तिच्यामागे आकाश पिवळं — पण पेटीतला पिवळा नाही, त्यावर गुलाबी हलका फिरवला, बोटाने चोळला नाही. पाणी शिशासारखं. हात चालत होता. मी विचार करत नव्हतो. बाजूने हमदुल्ला वल्हं धरून होडी रेघेवर ठेवत होता, यल्ला मुन्शी, यल्ला, उजेड चालला.

शेवटी पांढरा. जुना दगड मळकट राखाडी झाला होता, त्याला पांढरा लावलाच नाही. मग उजवीकडचा. पांढरा खडू दाबून, एकदाच.

कागदावरून तो माझ्या अंगावर आला. जहूरला दिसला तसा.

चित्र चांगलं झालंय. हे लिहिताना लाज वाटते, पण झालंय. आणि हे लियाकतला दाखवावंसं वाटलं. दोन क्षण. मग स्वतःचा राग आला.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

चित्रावर पातळ कागद घालून दोन प्लायवुडच्या मध्ये बांधलं, कडा खिळ्यांनी बंद केल्या, म्हणजे घासणार नाही. अहमद सुट्टीवर निघालाय, दुबईहून आगबोट. साखरतरला स्वतःच्या हाताने देतो म्हणाला. सोबत पत्र दिलं. सगळं लिहिलं — दोन पांढरे का आहेत, चुना कधी लागला, चिखल कुणी थापला. फक्त नाव लिहिलं नाही. अब्बांनी आधी डोंगर वाचावा. माझ्या सांगण्यावरून नको.

रविवार, १० मार्च

आज बकरी ईद. नमाजनंतर सगळे गळाभेट घेत होते. लियाकत रांग सोडून माझ्याकडे आला, दोन्ही हात पुढे केले. नवीन सदरा, नखांत मात्र रंग. पंचवीस माणसं बघत होती.

मी पाठ फिरवली.

ईदच्या दिवशी असं करू नये. केलं. मागे कुणीतरी तौबा म्हणालं. बहुतेक रफिक.

मग कबरस्तानात गेलो. इथे कबरीवर नाव घालत नाहीत, नुसता एक दगड डोक्याशी. जहूरचा मला ओळखता येतो — मशिदीचा कोपरा आणि शेवटची खजूर एका रेघेत धरली की समोर तोच. खूण धरायला मीही शिकलो, त्याला सांगायला हवं होतं.

रविवार, १७ मार्च

लियाकतची बदली. शारजाच्या ऑफिसात. त्यानेच मागून घेतली म्हणतात. सकाळी लँड रोव्हर गेली. मी स्टोअरमधून बाहेर आलो नाही.

दुपारी खिडकीत कागदाची पुडी सापडली. आत दोन नवे खडू, एक गडद जांभळा, एक पांढरा. चिठ्ठी नाही.

पळाला.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी सहाला आपोआप जाग आली. जाऊन बसलो. समुद्र काढला, डोंगर नाही. लाट काढता येत नाही. मागे कुणी उभं नव्हतं, तरी दोनदा वळून बघितलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

अब्बांचं पत्र. पुन्हा पुन्हा वाचलं, पाठ झालंय.

अब्बांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, दोन दिवस समोर बसून होते. मग गावातल्या जुन्या तांडेलांना बोलावलं. पाचजण आले. अब्बांनी काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, या वेळेला या पाण्यात तुम्ही कुठली खूण धराल? पाचहीजणांनी उजवीकडच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. तेव्हा अब्बांनी त्यांना सांगितलं, तिथे खडप आहे.

"आम्ही सहा म्हातारे सहाच्या सहा बुडालो असतो. माझ्या जहूरची चूक नाही. शुक्रवारी मी माझ्या जागेवर उभा राहिलो."

मग पुढे —

"चुना लावणाऱ्यावर माझा राग नाही. किनाऱ्यावरचा माणूस, त्याचं काम होतं. बंदरात दिवे बदलतात, खांब बदलतात. पण खूण बदलायची तर आधी तांडेलाला सांगतात. सगळ्या दर्यावर हा रिवाज आहे. एवढं मोठं काम असेल तर सांगायचं काम कुणाकडे तरी दिलेलं असणार. ज्याच्याकडे दिलं होतं आणि ज्याने सांगितलं नाही, त्याचं नाव मला कळव."

खाली हमीदाची ओळ. "भाई, नाव नक्की लिहा. कुबरा, तुमच्या भावाची पोर, आता चार वर्षांची आहे. तिच्याकडून पाठ करून घेते."

नाव लियाकतच. त्याने सांगितलं नाही, आणि कुणाला सांगायला लावलंही नाही. अब्बांना कळवणार, आणि इंजिनिअरलाही. नुसत्या तोंडी तक्रारीवर कंपनी काही करत नाही. चुन्याच्या मागणीवर त्याची सही असणार. माझ्या स्टोअरमध्ये आजपर्यंत एक चिठ्ठी हरवलेली नाही. सगळ्या खिळ्याला लावलेल्या, महिन्याप्रमाणे पेट्यांत. उद्या काढतो. मग बघू, शारजात कुठे लपतो.

शनिवार, ६ एप्रिल

सापडली. २५ ऑक्टोबर. चुना, एक गोणी. लियाकतची सही. खाली त्याच्याच अक्षरात:

"खिंडीजवळच्या सर्व्हेच्या दगडाला आज चुना लावतोय. पांढरा दिसेल. तांडेलाला आजच सांगणे. तुझा भाऊ आहे, तूच सांग."

त्याखाली, वाचलं म्हणून, माझी सही.

आठवत नाही असं लिहिणार होतो. आठवतं. अबोल्याचा बारावा दिवस होता. जहूर खिडकीशी येऊन उभा होता, चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती खिळ्याला लावली आणि मान वर केली नाही.

अब्बांना नाव कळवायचं आहे.